जड नौका

शाळेच्या वार्षिकासाठी चार पाने लिहून द्यावीत अशी संपादक मंडळींची आज्ञा दरसाल होते. आणि दरसाल आम्ही शुद्धलेखन, हस्ताक्षर किंवा वाचनाची गोडी यांपैकी एखादा निरुपद्रवी विषय घेऊन आपली सुटका करून घेतो. यंदा आम्ही शिडाच्या एका नौकेविषयी लिहावयाचे योजिले आहे. हे वाचून आमचे विद्यार्थी गालांतल्या गालांत हसतील. कारण खाडीपलीकडे जावयाचे झाले तरी आम्ही पुलावरून लांबचा फेरा पत्करतो, पण तरीत पाऊल टाकीत नाही, हे साऱ्या गावास ठाऊक आहे. होडी हलू लागली की आमचे पोट ढवळते. असे असूनही हा विषय घेतला, याचे कारण एका पालकाने आम्हांस एकदा एक प्रश्न विचारला होता, आणि त्याचे उत्तर आम्हांस त्या वेळी देता आले नव्हते.

इ. स. २०१२ सालची गोष्ट. दिवाळीच्या सुटीपूर्वी आम्ही इयत्ता आठवीच्या प्रगतिपुस्तकांत शेरे लिहीत बसलो होतो. हे काम शिक्षकाने सकाळी, ताज्या मनाने करावे. आम्ही ते रात्री दहा वाजता करीत होतो. वर्गात एक मुलगा होता. प्रश्न विचारला की तो उभा राही, आणि नुसता उभाच राही. त्याचे ओठ हलत नसत. मुले हसू लागत. तास पस्तीस मिनिटांचा, मुले बावन्न. आम्ही त्यास “बस” म्हणून पुढच्या मुलाकडे वळत असू. क्वचित असेही होई की, आम्ही पुढचा धडा उघडल्यावर तो अवचित मागच्या प्रश्नाचे उत्तर देई, आणि मुले पुन्हा हसत. त्या मुलाच्या पुस्तकात आम्ही लिहिले : “वर्तन चांगले. बुद्धीने जड.”

सुटीनंतर त्याचे वडील शाळेत आले. ते लाकडी मचवे बांधणारे मिस्त्री. खाडीच्या काठी माडांच्या सावलीत त्यांचा मांडव होता. ते खुर्चीच्या कडेवर बसले, प्रगतिपुस्तक उघडून त्यांनी त्या शब्दावर बोट ठेवले आणि म्हणाले, “मास्तर, हे एवढं समजावून सांगा.”

आम्ही सविस्तर समजावून सांगितले. मुलाची ग्रहणशक्ती मंद आहे, त्यास वरच्या वर्गात कठीण जाईल, वगैरे. त्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले.

“असं होय. आमच्या धंद्यात उलटं असतं,” ते म्हणाले. “खाडीतल्या खाडीत माणसं पोचवायची होडी हलकी चालते. भर दर्यात आठ-आठ दिवस राहायचं तर ती जड लागते. हलकी नेली तर लाटेवर नाचत राहते; माणसाला बसू देत नाही, निजू देत नाही. मग माणूस थकतो. आणि माणूस थकला की होडी गेलीच समजा.” थोडे थांबून त्यांनी विचारले, “तेव्हा हे जे तुम्ही लिहिलंत, ते कुठल्या पाण्यासाठी?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांनी सही केली, नमस्कार केला आणि ते गेले. राग आला तो आम्हांस. पदवी घेतलेल्या माणसाने एका उपमेपुढे निरुत्तर व्हावे, ही गोष्ट आम्हांस सहन होईना. उपमा म्हणजे पुरावा नव्हे, असे आम्ही मनाशी म्हणत राहिलो. त्याच सुमारास, १ नोव्हेंबर २०१२ रोजी, नौदलाचे अधिकारी अभिलाष टॉमी गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ नौकेतून एकट्याने, वाटेत कोठेही न थांबता, पृथ्वीप्रदक्षिणेस मुंबईहून निघाले होते व वर्तमानपत्रांत नौकांविषयी बरेच काही छापून येत होते. मिस्त्रींचे म्हणणे खोडून काढावे, या शुद्ध हेतूने आम्ही वाचावयास बसलो.

पहिली गाठ पडली ती कॉलिन आर्चर या गृहस्थाशी. हा इ. स. १८३२ मध्ये नॉर्वे देशातील लार्विक या गावी जन्मला, आईबाप स्कॉटलंडचे. नान्सेन या संशोधकाने ज्या ‘फ्राम’ जहाजातून उत्तर ध्रुवाकडील बर्फात प्रवेश केला, ते जहाज यानेच बांधले. परंतु त्याचे खरे काम निराळे. नॉर्वेचे कोळी हिवाळ्यातही मासेमारीस जात आणि वादळात सापडून बुडत. त्यांच्याबरोबर समुद्रावर राहावयाचे, वादळ उठले की त्यांच्या होड्या दोराने ओढून आणावयाच्या, अशा कामासाठी आर्चरने १८९३ साली एक नौका पाण्यात लोटली. लांबी सुमारे ४६ फूट, अंगाने रुंद, बूड खोल, आणि पिछाडी नाळेसारखीच निमुळती. यंत्र मुळीच नव्हते. सारा भरवसा शिडांवर. पुढच्याच वर्षी देशाच्या अगदी उत्तर टोकाला, इतर होड्यांनी बंदर सोडू नये अशा हवेत, या एका नौकेने ३६ माणसे वाचवली.

ही नौका ‘जड’ होती म्हणजे काय, ते सांगावयास हवे. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतके पाणी बाजूस सारते, हा आर्किमिडीजचा नियम विज्ञानाच्या तासास तुम्ही शिकलाच आहात. दहा टन वजनाची नौका दहा टन पाणी सारून त्या जागी स्वतः बसते. तेवढ्याच लांबीची दुसरी नौका पाच टनांची असेल, तर ती पाण्याच्या वरच्या थरावर नुसती टेकलेली असते. लाट आली की हलकी नौका तत्काळ उचलली जाते व तत्काळ आपटते. जड नौका सावकाश उठते व सावकाश बसते. आतला माणूस चहाचे आधण ठेवू शकतो, नकाशा पाहू शकतो, निजू शकतो. शिवाय लांबच्या प्रवासास वर्षाचे अन्नपाणी भरावे लागते. एक टन सामान हलक्या नौकेत भरले तर तिचे चालणेच बदलते. जड नौका बोट-दोन बोटे खाली जाते इतकेच. तिच्या तळाचा कणा पुढून मागपर्यंत अखंड असल्यामुळे ती सुकाणू सोडले तरी पुष्कळ वेळ आपली दिशा धरून राहते.

मात्र वजन नुसते असून भागत नाही. ते तळाशी पाहिजे. स्वीडनच्या राजाने ‘वासा’ नावाचे प्रचंड लढाऊ जहाज बांधविले; वर तोफांची दाटी, तळाशी नीरम अपुरा. १६२८ साली ते स्टॉकहोम बंदरातून निघाले आणि मैलभरही न जाता वाऱ्याच्या झुळकीने कलंडून बुडाले. तेही जडच होते.

आणि जड नौकेचे दोषही आहेत. ते लपवून ठेवणे बरे नव्हे. मंद वाऱ्यात ती हलत नाही. वाऱ्याच्या तोंडावर तिला नेणे कष्टाचे. तिच्या वेगास तर गणितानेच कुंपण घातले आहे : पाण्याच्या रेषेवरची लांबी फुटांत घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे, त्यास १.३४ ने गुणावे. जो अंक येईल त्याहून फारसे अधिक सागरी मैल ती ताशी जाऊ शकत नाही. २८ फुटांस सुमारे सात मैल निघतात. (विद्यार्थ्यांनी करून पाहावे, वर्गमुळाचा असाही उपयोग असतो.)

आता मुंबईकडे येऊ, कारण नॉर्वेची ही नौका मुंबईस आली. १९२० नंतरच्या दशकात विल्यम ॲटकिन या अमेरिकन आरेखकाने आर्चरच्या नौकेवरून ३२ फुटांचा एक लहान आराखडा तयार केला व त्यास ‘एरिक’ हे नाव दिले. पुढे चाळीस वर्षांनी ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटींवरील रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाचा तरुण इंग्रज अधिकारी मुंबईत होता. नौका बांधून तीतून मायदेशी जावे, असे त्याच्या व त्याच्या सोबत्यांच्या मनात आले. त्यांनी इंग्लंडहून आराखडे मागविले. आले ते भलतेच, या जुन्या ‘एरिक’चे. परत पाठवून दुसरे मागविण्यास वेळ नव्हता, म्हणून त्यांनी तेच पसंत केले. मुंबईच्या सुतारांनी सागवानाची ती नौका हाती हत्यारांनी घडविली : वाकसाने तासून, कमानीच्या सामत्याने भोके पाडून. १९६४ साली नाळेवर नारळ फोडून ती पाण्यात सोडली. नाव ‘सुहेली’, इराणी आखातातले अरब खलाशी एका वाऱ्यास हे नाव देतात. वजन सुमारे दहा टन.

एवढे वाचून झाल्यावर आम्ही एका रविवारी दुपारी मिस्त्रींच्या मांडवात गेलो. खरे तर आमचा पराभव झाला होता व तो सांगावयास आम्ही गेलो होतो, परंतु तोंडातून निघाले ते एवढेच की, “मिस्त्री, एक गोष्ट वाचली, तुम्हांला ऐकवावी म्हटलं.” त्यांनी हातचे काम ठेवले नाही. वाकस आणि सामता हे शब्द आले तेव्हा मात्र ते उठले, पेटीतून आपला सामता काढून आमच्या हाती दिला. कमानीची दोरी चामड्याची, दांडा हाताच्या घामाने काळा झालेला. मुलगा एका फळीवर बसून ऐकत होता.

गोष्ट पुढे अशी आहे. १९६५ च्या अखेरीस ‘सुहेली’ मुंबईहून निघाली व आफ्रिकेस वळसा घालून १९६७ मध्ये इंग्लंडला पोहोचली. १९६८ साली लंडनच्या एका साप्ताहिक वर्तमानपत्राने, एकट्याने व कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्यास बक्षीस जाहीर केले. नॉक्स-जॉन्स्टनला पोलादाची नवी नौका हवी होती. पैसा मिळेना. ‘सुहेली’ विकावी तर गिऱ्हाईक मिळेना. शेवटी तो नाइलाजाने तिलाच घेऊन १४ जून १९६८ रोजी फालमथ बंदरातून निघाला. एकूण स्पर्धक नऊ. त्यांत तिच्याहून वेगवान नौका बऱ्याच.

थोड्याच दिवसांत ‘सुहेली’च्या बुडातून पाणी आत येऊ लागले. भर समुद्रात, नौका थांबवून, हा माणूस पाण्याखाली उतरला आणि श्वास कोंडून सांध्यांत कापूस भरू लागला. वरून कापडाची व तांब्याची पट्टी ठोकली. मध्येच शार्क मासा घिरट्या घालू लागला, तेव्हा वर येऊन त्यास बंदुकीने मारावे लागले. येथे मिस्त्रींनी आम्हांस थांबविले. “कण्याजवळची फळी असणार,” ते म्हणाले, “तिथं ओझं येतं.” सांधे गळण्याची गोष्ट त्यांच्या मनास लागली होती, जणू ते काम त्यांच्याच हातचे.

दक्षिण महासागरात वारा व लाटा यांना अडविणारी जमीनच नाही. तेथे एका लाटेने ‘सुहेली’स आडवी पाडली. ती उठली. पुढे आपोआप दिशा धरून ठेवणारे यंत्र मोडून गेले. तिच्या अखंड कण्यामुळे शिडांचा तोल साधून ती त्यावाचूनही चालत राहिली. फार मोठ्या लाटा आल्या की नॉक्स-जॉन्स्टन पिछाडीवरून लांबच लांब जाड दोर पाण्यात सोडी. त्याच्या ओढीने नौका लाटेस पाठ देऊन राही, फिरून आडवी होत नसे, आणि निमुळती पिछाडी मागून येणारी लाट दोहोंकडे फाडी. आम्हांस येथे प्रेषितांच्या कृत्यांतला सत्ताविसावा अध्याय आठवला. पौलाच्या गलबतावर २७६ माणसे होती, आणि त्या काळोख्या रात्री खलाशांनी पिछाडीवरून चार नांगर सोडले. नांगर मागून का, हे लहानपणी आम्ही रविवारच्या शाळेत विचारले होते व “मधे बोलू नये” असे उत्तर मिळाले होते. पुढे आम्हीही कित्येकांस तेच उत्तर दिले असेल.

नोव्हेंबर १९६८ मध्ये न्यूझीलंडच्या किनाऱ्याजवळ त्याची शेवटची खबर लागली. त्यानंतर चार महिन्यांहून अधिक काळ काही नाही. तो मेला असावा असे पुष्कळांनी धरले. या काळात त्याने केप हॉर्नला वळसा घातला होता. एप्रिलच्या आरंभी अटलांटिकमध्ये एका तेलवाहू जहाजाने त्यास पाहिले, आणि २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, ‘सुहेली’ फालमथास परत आली. जकातीच्या अधिकाऱ्यांनी रीतीप्रमाणे कोठून आलात असे विचारले. तो म्हणाला, फालमथहून. प्रवास ३०,००० सागरी मैलांहून अधिक; सरासरी वेग ताशी अवघा चार. नऊ जणांपैकी पुरा प्रवास करून आलेला हा एकटाच. एक वेगवान नौका घर जवळ आले असता अतिताणाने फुटून बुडाली, तिचा खलाशी वाचला. डोनाल्ड क्रोहर्स्ट नावाचा दुसरा एक स्पर्धक परत आलाच नाही; नॉक्स-जॉन्स्टनने आपले ५,००० पौंडांचे बक्षीस त्याच्या कुटुंबास दिले.

हलक्या नौकांवर अन्याय होऊ नये म्हणून सांगतो : जानेवारी २०२५ मध्ये शार्ली दालँ या फ्रेंच नाविकाने अशाच हलक्या, वेगवान नौकेतून हीच प्रदक्षिणा एकट्याने ६५ दिवसांच्या आत पुरी केली. हे लहानसहान कर्तृत्व नव्हे. परंतु तसली नौका कोठल्याही मांडवात वाकसाने घडत नाही.

त्या वर्षीच्या दुसऱ्या सहामाहीच्या शेऱ्यात आम्ही लिहिले : “सावकाश उत्तर देतो. थांबल्यास बरोबर देतो.” वर्गात थांबावयासही लागलो, पण किती? पस्तीस मिनिटे आणि बावन्न मुले ही होतीच. २०१५ साली तो शालान्त परीक्षेत दोन विषयांत अनुत्तीर्ण झाला. दुसऱ्या खेपेस उत्तीर्ण झाला, आणि पुढे न शिकता बापाच्या हाताखाली कामास लागला. आठवीत पहिल्या सहामाहीत जे कोणी त्याच्यासाठी थांबले नाही, त्यांत वर्गशिक्षक म्हणून पहिले नाव आमचे आहे.

२०१८ साली त्या जुन्या स्पर्धेची पन्नाशी म्हणून ती पुन्हा भरविण्यात आली. नियम असा की, नौका जुन्या घडणीच्या, अखंड कण्याच्या हव्यात व आधुनिक उपकरणे नकोत. अभिलाष टॉमी यांनी ‘सुहेली’चीच प्रतिकृती गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधवून घेतली होती, नाव ‘थुरिया’. २१ सप्टेंबर रोजी दक्षिण हिंदी महासागरातील वादळात ती उलटीपालटी झाली, डोलकाठी मोडली, आणि टॉमी यांच्या पाठीस जबर इजा होऊन त्यांस उभे राहता येईना. जवळपास भूमी नाही, जहाज नाही. ही वार्ता आली तेव्हा आम्ही न राहवून खाडीकाठी गेलो. मांडवात बापलेक दोघेही होते. काम बंद होते.

“बुडेल का हो ती?” आम्ही मिस्त्रींना विचारले. त्यांनी मुलाकडे पाहिले. मुलगा उभा राहिला, वर्गात राहत असे तसा. ओठ हलत नव्हते. या वेळी आमच्यापाशी दुपार मोकळी होती.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “सर, बुडणार नाही. बूड शाबूत असेल. पण काठी गेली म्हणजे वरचं वजन गेलं. आता ती आधीसारखी सावकाश हलणार नाही, झटक्यानं हलेल. आत पाठ मोडलेला माणूस पडलाय. त्याचे हाल होतील.”

डोलकाठी गेल्यास नौका अधिक स्थिर होईल असे आम्हांस वाटत होते. घरी जाऊन पुस्तके पाहिली. मुलाचे खरे होते; उंच डोलकाठीचे वजन नौकेच्या झोक्यास सावकाश करते, आणि ती मोडलेली नौका जलद व निर्दयपणे हेलकावते. शाळेत आम्ही त्यास हे शिकविले नव्हते. आम्हांसच ते ठाऊक नव्हते.

२४ सप्टेंबर रोजी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने टॉमी यांस उचलून घेतले. ‘थुरिया’ तोपर्यंत पाण्यावर होती. पाठीच्या त्या दुखण्यातून उठून टॉमी २०२२ च्या स्पर्धेत पुन्हा उतरले व दुसरे आले. पहिली आली ती कर्स्टन नॉयशेफर ही दक्षिण आफ्रिकेची स्त्री, तीही ३६ फुटांची जुन्या घडणीची जड नौका घेऊन; वाटेत बुडालेल्या एका स्पर्धकास वाचवून.

मिस्त्रींचा मांडव आज नाही. लाकूड महागले, यंत्राच्या फायबरी होड्या आल्या; मुलगा आता तसल्या होड्यांच्या कारखान्यात काम करतो. गेल्या पावसाळ्यात, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असताना, आम्ही त्यास इयत्ता आठवीच्या वर्गात बोलाविले. तरंगण्याचा धडा चालू होता. तो एक पाण्याची परात, झाकणाचा पत्र्याचा डबा आणि पिशवीभर वाळू घेऊन आला. टेबलापाशी उभा राहिला आणि बोलेना. मुले हसू लागली. आम्ही मागच्या बाकावर बसलो होतो, बसूनच राहिलो.

हसणे आपोआप थांबले. मग त्याने रिकामा डबा परातीत सोडून हाताने लाटा केल्या. डबा उड्या मारू लागला. त्याने तळाशी वाळू ओतून तो पुन्हा सोडला. डबा जेमतेम डोलला. शेवटी वाळू काढून पिशवीसकट झाकणावर ठेवली, तर सारे उलटले आणि पाणी आमच्या टेबलावरच्या वह्यांवर गेले. मुलांना तो भाग फार आवडला. त्यांनी तो पुन्हा करावयास लावला.